वाचलेलं आणि गाळलेलं

गेलं सगळं वर्ष आम्ही दोघांनी एका खाटेपाशी बसून वाचलं. म्हणजे हे खाटेवर, आणि मी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते दहा. माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेल्या वर्षी पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास कामातून गेली आणि डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताला दोन सुया, त्यांतून रक्त बाहेर जातं, यंत्रातून फिरून परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. मोकळ्या हातानं माणूस काय करणार? यांनी पुस्तक धरलं.

वाचायची सवय आम्हाला लग्नापासूनची. मी कोल्हापूरकडची, लग्न होऊन तंजावरला आले. यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण ती जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखी, तमिळ हेल काढून. शाळा झाली तमिळ आणि इंग्रजीत, त्यामुळे देवनागरी यांना वाचता येत नाही. मी तमिळ घडाघडा बोलते, पण वाचायचं म्हटलं तर बसवरची पाटी, त्यापुढे नाही. म्हणून आमची वाटणी ठरून गेली. मराठी पुस्तक मी मोठ्यानं वाचायचं, तमिळ यांनी. इंग्रजी ज्याचं त्यानं. आणि वर्ष संपलं की भोगीच्या दिवशी, घरातली अडगळ काढताना, प्रत्येकानं दोन पुस्तकं सांगायची: सगळ्यांत आवडलेलं आणि सगळ्यांत फसलेलं. फसलेलं घरात ठेवायचं नाही. चाळीसएक वर्षांत या गोष्टीवरून आम्ही जितके भांडलो तितके दुसऱ्या कशावरून भांडलो नसू.

या वर्षीचं पहिलं पुस्तक मुलीनं बंगळूरहून पाठवलं. आजारी माणसानं मन कसं प्रसन्न ठेवावं, यावर कुणा परदेशी डॉक्टरनं लिहिलेलं इंग्रजी पुस्तक. सकाळी उठून आरशात बघून हसावं, दुखणं हा पाहुणा समजावा, असं काहीबाही. यांनी तीसेक पानं वाचली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्या मनुष्यास कधी सुई टोचली नाही," म्हणाले.

मी ते घरी पुढे वाचलं, कारण शेवटी शेवटी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांसाठी एक प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं की रोज स्वतःसाठी एक तास काढा. मी तेव्हा भाजी दुसऱ्यांदा उकळून तिचं पाणी ओतत होते. यांच्या भाजीतला क्षार कमी व्हावा म्हणून ती दोनदा उकळावी लागते, मग तिला ना चव राहते ना रंग. तो तास दिवसाच्या कोणत्या बाजूनं कापून काढायचा हे डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं.

नंतर एक पाककृतींचं पुस्तक आलं. आमच्या तंजावरी मराठी घरांतले पदार्थ, सुंदर छायाचित्रांसह. पथ्याच्या माणसाला असं वाचून दाखवणं दुष्टपणाच, पण यांनीच हट्ट धरला. तीन दिवस बरं चाललं. मग डांगर पचडी आली. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, इतकी साधी गोष्ट; लेखिकेनं त्यात टोमॅटो आणि साखर घातली होती.

"कोठें पाहिलें हिनें?" हे इतक्या जोरात म्हणाले की यंत्र वाजायला लागलं. हात हलला होता. नर्स धावत आली, नळी नीट केली, आणि मला म्हणाली, "अम्मा, यांना राग येईल असं काही वाचू नका."

मी मान डोलावली. पुढच्या काही महिन्यांत ती सूचना मी जरा जास्तच मनावर घेतली.

उन्हाळ्यात यांनी एक जाडजूड तमिळ कादंबरी काढली. कावेरीचा एक कालवा, तो मोजायला आलेला एक सर्वेअर आणि कालव्याकाठच्या तीन गावांची भांडणं. आठशेच्या वर पानं. एका हातात पेलेना. मी पुस्तक धरून ठेवायचे, तर मला अक्षरं उलटी आणि त्यांना तिरपी दिसायची, आणि माझं मनगट भरून यायचं. दोन दिवस असं केल्यावर घरी येऊन हे म्हणाले, "सुरी आण."

"कशाला?"

"काप ह्यास. सहा भाग कर."

या माणसानं आयुष्यात कधी पानाचा कोपरा दुमडला नव्हता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढली, तिथल्या काचेच्या नळ्यांसारखी पुस्तकं हाताळायचे. मी सुरी आणली. त्यांनी सांगितलं तिथे तिथे मी पुस्तकाचा कणा कापला, प्रत्येक भागाला दाभणानं दोरा घातला. ते बघत होते. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं, सुया टोचल्या तेव्हाही यांचा चेहरा असा झाला नव्हता.

पण त्या कापलेल्या पुस्तकानं आमचे तीन महिने छान गेले. हे तमिळ वाचायचे, मी ऐकायचे, आणि लवकरच कळलं की पलीकडच्या खाटेवरचे आजोबाही ऐकतायत. ओरत्तनाडूकडचे शेतकरी, ऐंशीच्या घरातले. पहाटे चारला निघून बसनं यायचे, सोबत कधी सून, कधी कुणी नाही. एक दिवस हे हळू आवाजात वाचत होते, तर आजोबा म्हणाले, "तंबी, जरा मोठ्यानं." आमचे हे अडुसष्टचे. तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणवून घेऊन इतके खूश झाले की पानभर मोठ्यानं वाचलं.

मग ते रोजचंच झालं. आजोबा गोष्ट थांबवून चुका काढायचे. या महिन्यात लावणी होत नाही. या वाणाला इतकं पाणी लागत नाही. लिहिणारा शहरातला दिसतो. पण सर्वेअरला ज्या बाईनं दारातून हाकललं, तिच्याबद्दल म्हणाले, "ही खरी आहे. अशी एक आमच्याकडे होती." आणि पुढचा भाग सुरू होण्यापूर्वी मागं काय झालं ते नर्सला सांगायचे, आमच्यापेक्षा नीट.

पाचवा भाग संपत आला असताना एका सोमवारी त्या खाटेवर दुसराच कुणी होता. बुधवारीही. शुक्रवारी मी नर्सला विचारलं. ती नळ्या लावत होती, मान वर न करता म्हणाली की आजोबांनी येणं बंद केलं. आजार वाढला म्हणून नाही. घरी सांगितलं, पोदुम. पुरे. मुलांनी खूप समजावलं, पण ते बसमध्ये चढलेच नाहीत.

यांनी ते ऐकलं. हातातला भाग मिटला आणि छातीवर ठेवला. घरी आल्यावर सहावा भाग मी कपाटात ठेवला. तो काढ, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मी फार थकले होते. दमले असं म्हणत नाही. दमलेलं माणूस झोपलं की ताजं होतं. मला झोपून उठल्यावर अधिक जड वाटायचं. पाणी मोजायचं, मीठ मोजायचं, गोळ्या मोजायच्या, यांचं वजन सकाळसंध्याकाळ लिहायचं. यांना तहान लागायची आणि पाणी नाही म्हणणारी मी. आल्यागेल्यासमोर हे हसून म्हणायचे, "ही माझी जेलर." लोक हसायचे. मीही.

त्या दिवसांत कोल्हापूरच्या मैत्रिणीनं टपालानं एक मराठी कादंबरी पाठवली. बरोबर चिठ्ठी: वाचच. मी आधी वाचून बघायला हवी होती. वेळ कुठला? तशीच घेऊन गेले आणि खाटेपाशी सुरू केली. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला नवरा आणि त्याचं सगळं करणारी बायको, अशी गोष्ट निघाली. पहिल्याच प्रकरणात मला वाटलं थांबावं. पण लिहिलं होतं फार चांगलं. त्या बाईचे हात, तिच्या पदराला येणारा औषधाचा वास, पाहुण्यांसमोरचं तिचं हसणं. मला वाटायचं, ही लेखिका आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून गेली आहे.

अकराव्या प्रकरणात ती बाई दूध तापवत चुलीपाशी उभी असते. आतून नवरा हाक मारतो. ती ऐकते, पण जात नाही. वाचणाऱ्याची नजर आवाजाच्या पुढे धावते, तशी माझी धावली, आणि पुढे काय आहे ते मला दिसलं. तिच्या मनात येतं की हे आज संपलं तर आपण आधी झोपू, रडणं नंतर. दीड पान होतं ते. कुठेही आडपडदा नाही.

मी न थांबता, आवाज न बदलता, दीड पान ओलांडून शेजारीण दार वाजवते तिथून पुढे वाचायला लागले. यांना देवनागरी येत नाही. पुस्तक त्यांच्यासमोर उघडं असलं तरी काही कळणार नव्हतं. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवसांनी पुढचं प्रकरण. त्यात ती बाई नवऱ्याच्या पायाशी बसते आणि चुलीपाशी मनात आलं त्याबद्दल मनोमन क्षमा मागते. हे मला कुठे ठाऊक होतं? वाचून गेले आणि मग लक्षात आलं.

"कोणतें?" हे म्हणाले. "चुलीपाशी काय आलें मनांत?"

"असंच. चिडली होती ती."

"शेजारीण आली ना? दूध उतूं गेलें. चिडली कोठें?"

मी पान उलटलं.

"तू गाळलेंस," हे म्हणाले. आवाज शांत होता. "कांहीतरी गाळलेंस."

नर्स जवळच होती. त्यांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "घरीं."

डायलिसिसहून आलं की हे चार घास रसम-भात खातात आणि दुपारभर झोपतात. अंगातला सगळा जोर काढून घेतल्यासारखी झोप. त्या दिवशी झोपले नाहीत. हात धुतले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आण तें."

"कशाला उगाच? यापेक्षा..."

"मज वाचतां येत नाही, म्हणून तू मज वाचवूं लागलीस काय?"

मला इतका राग आला की काय सांगू. वर्षभर मी यांच्या तोंडचं पाणी मोजतेय, दोनदा उकळलेल्या भाज्या रांधतेय, आणि दीड पान गाळलं तर माझी झडती! मी पुस्तक आणलं, उभ्यानंच उघडलं आणि ते दीड पान वाचलं. रागानं वाचायला सुरुवात केली. अर्ध्यावर राग गेला. शेवटच्या ओळी कशाबशा वाचल्या.

हे जमिनीकडे बघत ऐकत होते.

"बरें लिहिलें आहे," म्हणाले. मग विचारलं, "तुज वाटतें काय तसें?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण नुकतीच मी चोरी करताना पकडली गेले होते, दुसरी कशी करणार?

"वाटतं," मी म्हटलं. "कधी कधी. तुम्ही जावं असं नाही वाटत. हे संपावं असं वाटतं. आणि मग तुम्ही गेल्याशिवाय हे संपणार नाही हे लक्षात येतं, आणि मी भांडी घासायला घेते."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिले.

"ओरत्तनाडूच्या आजोबांनीं केलें, तें मजही मनांत आलें," म्हणाले. "एकदां नव्हे. तीनचारदां. सकाळीं ऑटोचा आवाज येतो तेव्हां."

मी खाटेच्या कडेला बसले. "मग?"

"मग काय? येतें, जातें. ऑटोंत बसलों कीं जातें."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काय सांगितलेंस मज?"

यावर मी रडले. ते रडले नाहीत, पण त्यांचा सुयांच्या खुणांनी भरलेला हात माझ्या पाठीवर होता आणि तो मला फार हलका लागला. मग त्यांनीच फोन उचलला आणि पापनाशमला आपल्या धाकट्या बहिणीला लावला. तमिळ आणि मराठीची खिचडी करत तिला म्हणाले, "बुधवारीं तू येशील काय? हिला एक दिवस घरीं राहूं दे."

वन्सं तिकडून लगेच म्हणाल्या, "मी केव्हाची वाट बघतें. वहिनी कुणास जवळ येऊं देते कोठें?"

ते खरं होतं. इतके दिवस मदत कुणी केली नाही, असं मी मनाशी म्हणत होते, आणि विचारलं मी एकदाही नव्हतं.

पहिल्या बुधवारी ऑटो गेल्यावर मी दार लावलं. कॉफी करून प्यायची, केस धुवायचे, त्या मैत्रिणीला पत्र लिहायचं, असं पुष्कळ ठरवलं होतं. स्वयंपाकघरात फरशी थंड होती म्हणून जरा टेकले, ते वन्संनी कडी वाजवली तेव्हाच उठले. गालावर फरशीच्या फटी उमटल्या होत्या. वन्सं बघून हसल्या आणि काही न बोलता यांना आत घेऊन गेल्या. अजूनही बहुतेक बुधवार मी झोपतेच. थकवा गेलेला नाही. फक्त आता त्याला बसायला एक जागा आहे.

ती कादंबरी उरलेली मी यांना वाचून दाखवली, एकही ओळ न गाळता. आणि एका शुक्रवारी यांनी आपणहून विचारलं, "सहावा भाग कोठें ठेवलास?" त्यांनी तो वाचला. पूर्वीपेक्षाही मोठ्यानं. पलीकडच्या खाटेवर कुणी बसमधला कंडक्टर होता, तो कानात वायर घालून मोबाइलवर काहीतरी बघत होता. कालवा शेवटी होतो, पण सर्वेअरनं आखला होता तिथून नाही. वाचून झाल्यावर हे म्हणाले, "आजोबा म्हणाले असते, पाणी तेथून चढणारच नाही."

भोगीच्या दिवशी मी कपाट उपसलं. यांना खुर्चीत बसवलं होतं. त्यांचं आवडतं ठरलेलंच: कालव्याची कादंबरी, सहा तुकडे, दोऱ्यानं एकत्र बांधलेली.

"आणि फसलेलं?" मी विचारलं. मला वाटलं, परदेशी डॉक्टरच.

"तुझ्या मैत्रिणीचें तें."

"ते? दोनदा म्हणालात ना, बरं लिहिलंय म्हणून!"

"तें दीड पान बरें. ह्या वर्षांत ऐकिलेल्यांत त्याहून बरें कांही नाही. पण पुस्तक फसलें." मग बोट उचलून, विद्यार्थ्याला सांगावं तसं म्हणाले, "तो नवरा पडून आहे. तीनशें पानें पडून आहे. एकदां तरी त्याच्या मनांत कांही येतें काय? ती एकटीच विचार करते. तो ओंडका."

इतकं आवडलेलं पुस्तक, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या माणसाच्या मनात काय आहे, असं मला वाचताना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"माझं तेच सगळ्यांत आवडतं आहे," मी तरीही म्हटलं.

"मग राहूं दे. तुझ्या बाजूस ठेव."

माझ्याकडून डॉक्टर बाहेर गेला. मुलीला कळवायचं नाही, असं ठरलं. पाककृतींचं पुस्तकही जाणार होतं, पण यांनी ते मागून घेतलं आणि डांगर पचडीच्या पानावर पेन्सिलीनं, तमिळमध्ये, खरी कृती लिहिली. मला वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली.

त्यानंतरच्या सोमवारी मी नवं पुस्तक घेऊन गेले. सुया लागल्या, यंत्र सुरू झालं, मी पहिलं पान उघडलं.

"आज नोको," हे म्हणाले. "आज तूच बोल कांही."

चाळीस वर्षांच्या संसारात इतकं साधं काही मागितलं की सुचत नाही. मी इकडेतिकडे बघितलं. मग सांगितलं की मागच्या घरातल्यांना आपल्या शेवग्याची एक फांदी त्यांच्या भिंतीवर आलेली नको आहे, आणि मी त्यांना तोडा म्हणून सांगून बसले आहे.

"तोडा म्हणालीस?" हे उशीवरून उठू लागले. "मज न विचारतां?"

"हात," मी म्हटलं. "हात हलवू नका."

त्यांनी हात सरळ ठेवला, आणि फांदी कुठून कापावी यावर आम्ही दहा वाजेपर्यंत वाद घालत बसलो.